मजुरी नव्हे, कृपा

 

एका बचत गटातल्या ताईंनी आपल्याला प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्या घरच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या धर्मात माणूस कर्मानं नाही, विश्वासानं नीतिमान ठरतो." आपल्या ताईंना ते काही पटलं नाही. त्या विचारतात, "नुसता विश्वास ठेवून भागत असेल, तर माणसानं चांगलं वागायचं तरी कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. हाच प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोक विचारत होते, आणि ज्यानं ही शिकवण मांडली त्याला त्याचं उत्तर द्यावं लागलं होतं. आज आपण ही शिकवण समजून घेऊ. मी कुणाला धर्म सांगायला बसलेली नाही. शेजारणीच्या मनात काय आहे ते कळलं, तर शेजार चांगला होतो, एवढाच हेतू.

आधी शब्द पाहू. आपण नीतिमान कुणाला म्हणतो? जो सरळ वागतो, खोटं बोलत नाही, कुणाचं बुडवत नाही, त्याला. पण मराठी बायबलमध्ये शब्द येतो तो 'नीतिमान ठरणं'. त्यातल्या 'ठरणं' या शब्दाकडे नीट बघा. लग्न ठरतं, कांद्याचा भाव ठरतो, कोर्टात माणूस निर्दोष ठरतो. ठरवणारं दुसरंच कुणीतरी असतं. बायबलमधला मूळ ग्रीक शब्दही असाच न्यायनिवाड्यातला आहे. म्हणजे प्रश्न 'मी किती चांगली आहे' एवढाच नाही. प्रश्न असा आहे, की देवासमोर उभी राहिले तर तो मला आपली म्हणेल की नाही, आणि म्हणेल तर कशाच्या आधारावर?

याला एक सरळ उत्तर आहे. चांगली कामं करा, नियम पाळा, उपासतापास करा, दानधर्म करा. खात्यावर पुण्य जमा झालं की देव प्रसन्न होईल. ख्रिस्ती शिकवण इथं वेगळं सांगते. ती म्हणते, देवाचं प्रेम ही मजुरी नाही. मजुरी हिशोबानं मिळते, हजेरीपटावर जितके दिवस तितके पैसे. देव जे देतो ते कमावलेलं नसतं, ते फुकट दिलेलं असतं. त्याला कृपा म्हणतात. माणसानं करायचं ते इतकंच, की येशू ख्रिस्तामध्ये देवानं आपल्याला स्वीकारलं आहे यावर भरवसा ठेवून हात पुढे करायचा आणि ते घ्यायचं. हा भरवसा म्हणजेच विश्वास.

आता गंमत अशी, की ही शिकवण कुठल्या ग्रंथालयात बसून तयार झाली नाही. तिचं मोठं भांडण झालं ते जेवणाच्या पंगतीत.

येशूनंतर काही वर्षांनी, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या अंत्युखिया नावाच्या शहरात, येशूला मानणाऱ्यांची एक मंडळी होती. तिच्यात काही यहूदी होते, काही इतर समाजांतले होते. यहूदी लोकांचे खाण्यापिण्याचे नियम कडक होते आणि मुलग्यांची सुंता करण्याची रीत होती. तरीही ही सगळी माणसं एकत्र जेवायची. येशूचा मोठा शिष्य पेत्र तिथं आला, तोही सगळ्यांबरोबर पानावर बसला. मग यरुशलेमकडून काही यहूदी मंडळी आली. त्यांना काय वाटेल या भीतीनं पेत्र मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचं बघून दुसरेही उठले.

मैत्रिणींनो, पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कुणाच्या शेजारी कोण बसतं, कुणाला वेगळं पान लावतात, कुणाला ओसरीवरच वाढतात, हे आपल्या गावांनी खूप पाहिलं आहे.

तिथं पौल नावाचा प्रचारक होता. तो स्वतः कट्टर नियम पाळणाऱ्या पंथात वाढलेला, आणि तंबू तयार करण्याच्या धंद्यावर पोट भरणारा. त्यानं पेत्राला सगळ्यांसमोर खडसावलं. पुढं गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं हा प्रसंग सांगितला आहे. त्याचं म्हणणं असं होतं: तुम्ही वेगळं बसता, म्हणजे या माणसांना सांगता की आधी आमचे नियम पाळा, आमच्यासारखे व्हा, मगच देव तुम्हाला पानावर घेईल. पण आपण यहूदी असूनसुद्धा नियम पाळल्यामुळं नीतिमान ठरलो नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासानं ठरलो. मग यांच्यावर वेगळी अट का? त्याच पत्रात तो पुढं म्हणतो, की ख्रिस्तामध्ये यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही.

म्हणजे 'कर्मानं नाही, विश्वासानं' या शब्दांचा पहिला अर्थ हा होता: देवाच्या पंगतीत बसायला जन्म, जात किंवा रीतभात यांचा दाखला लागत नाही. हेही खरं सांगायला हवं, की पुढं ख्रिस्ती लोकांनाही हे नेहमी जमलं नाही. आपल्या देशात चर्चमध्येही जातीनं बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्याची उदाहरणं आहेत. शिकवण एक आणि वागणूक एक, हे दुखणं कुठल्या एका धर्माचं नाही.

यानंतर पौलानं रोम शहरातल्या मंडळीला मोठं पत्र लिहिलं आणि हाच विषय सविस्तर मांडला. पत्राच्या शेवटी तो फिबी नावाच्या एका सेविकेची शिफारस करतो, तिला मानानं घ्या असं सांगतो. हे पत्र रोमला घेऊन जाणारी तीच होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जगभर गाजलेलं ते पत्र एका बाईच्या सामानातून गेलं असावं, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या पत्रात पौल मजुरीचाच दाखला देतो. काम करणाऱ्याला मजुरी देतात ती मेहेरबानी नसते, ते त्याच्या हक्काचं असतं. कृपा मात्र हक्कानं मागता येत नाही. आणि मग तो अब्राहामाचं उदाहरण देतो. यहूदी लोकांचा तो मूळपुरुष. देवानं त्याला नीतिमान गणलं ते केव्हा? सुंतेची रीत त्याला लावून दिली त्याच्या आधी. म्हणजे रीत नंतर आली, स्वीकार आधी झाला.

येशूनं हीच गोष्ट दृष्टान्तातून सांगितली होती. एका द्राक्षमळ्याच्या मालकानं सकाळीच मजूर लावले, दिवसाला एक दिनार ठरवून. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग तो नऊ वाजता गेला, बारा वाजता गेला, तीन वाजता गेला, आणि आणखी माणसं घेऊन आला. दिवस मावळायला तासभर उरला तेव्हाही चौकात काही जण उभे होते. "तुम्ही रिकामे का?" असं विचारल्यावर ते म्हणाले, आम्हाला कुणी कामावरच घेतलं नाही. त्यांनाही त्यानं मळ्यात पाठवलं. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार ठेवला. सकाळपासून राबणारे कुरकुरले. मालक म्हणाला, तुमचं ठरलेलं मी बुडवलं का? मी उदार आहे याचं तुम्हाला का वाईट वाटतं?

रोजंदारीवर जाणाऱ्या बायांनी ही गोष्ट ऐकली की त्या दोन बाजूंनी बोलतात. एक म्हणते, हा अन्याय आहे. दुसरी म्हणते, शेवटी आलेल्यालाही घरी चूल पेटवायची होती की! दोन्ही खरं आहे. मजुरीचा नियम म्हणून ही गोष्ट सांगितलेलीच नाही. आपल्या हक्काची मजुरी आपण पुरती घ्यायचीच. देव कसा आहे, हे सांगण्यासाठी ती गोष्ट आहे. कुणी घेतलं नाही म्हणून दिवसभर चौकात उभं राहिलेल्यालाही तो भरल्या हातानं घरी पाठवतो.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मग चांगलं वागायचं कशाला?

पौलानं रोमच्या पत्रात हाच प्रश्न स्वतः उपस्थित केला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? आणि त्याचं उत्तर आहे, मुळीच नाही. बायबलमध्ये याकोबाचं एक छोटं पत्र आहे, ते तर या बाबतीत फार रोखठोक आहे. एखाद्या भावाबहिणीला अंगावर वस्त्र नाही, पोटाला अन्न नाही, आणि तुम्ही नुसतं म्हणालात की सुखानं जा, पोटभर जेवा, आणि दिलं काहीच नाही, तर त्याचा काय उपयोग? कृतीवाचून असलेला विश्वास मेलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग पौल खरा की याकोब? बहुतेक ख्रिस्ती शिक्षक सांगतात, की दोघं वेगवेगळ्या चुका दुरुस्त करत आहेत. पौल सांगतो, चांगलं काम ही देवाला द्यायची किंमत नाही. याकोब सांगतो, चांगलं काम हे फळ आहे, आणि फळच धरत नसेल तर झाड जिवंत आहे का ते बघा. आंब्याला आंबे लागतात म्हणून तो आंबा होत नाही. तो आंबा आहे म्हणून त्याला आंबे लागतात.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. लेक माहेरी येते. पहाटे उठून अंगण झाडते, भाकरी थापते, आईचे पाय चेपते. काम तर ती करतेच. पण भाकरी करपली म्हणून आई तिला 'तू माझी लेक नाहीस' म्हणत नाही. लेक ती आधीच आहे, काम मायेतून होतं. आता नव्या घरात गेलेली सून आठवा. तीही तेवढंच काम करते, कदाचित जास्तच. पण अनेक घरांत तिच्या पोटात सतत धाकधूक असते: मीठ कमी पडलं तर? मूल झालं नाही तर? आज तरी मला आपली म्हणतील का? हात तेच, कामही तेच, पण एक मायेनं होतं आणि एक भीतीनं. ख्रिस्ती शिकवण सांगते, की देवाच्या घरात तुम्ही परीक्षा देणाऱ्या नाही, लेकी आहात. तिथून पुढं काम सुरू होतं.

पुढं हा विषय युरोपात पुन्हा पेटला. मार्टिन लूथर नावाचा जर्मन संन्यासी १४८३ साली जन्मला. मठात त्यानं उपास केले, रात्री जागवल्या, तासन्‌तास पापं कबूल केली. तरी मनाची तळमळ जाईना. पुरेसं केलं, असं कधी म्हणायचं? विटेनबर्ग इथं शिकवताना पौलाचं रोमचं पत्र अभ्यासत असताना त्याला उत्तर सापडलं, की देवाचं नीतिमत्त्व हे आपल्यावर उगारलेलं हत्यार नाही, आपल्याला दिलेली देणगी आहे. त्या काळी पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात. रोममधलं सेंट पीटरचं मोठं चर्च बांधायला त्यातला पैसा जाई. गरीब माणसं पोटाला चिमटा काढून ती पत्रं घेत. १५१७ साली लूथरनं याला जाहीर विरोध केला. त्यातून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक असे वेगळे प्रवाह झाले.

कॅथलिक चर्चचीही बाजू नीट सांगायला हवी. सुरुवात देवाच्या कृपेनंच होते, माणूस स्वतःच्या कर्मानं तरत नाही, हे तेही मानतात. मात्र त्या कृपेला माणसानं साथ द्यायची असते आणि विश्वासाबरोबर प्रेम हवंच, यावर त्यांचा भर आहे. जवळजवळ पाचशे वर्षं वाद चालला. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लुथरन चर्चनं एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या, की मूळ मुद्द्यावर आमचं एकमत आहे: देव स्वीकारतो तो कृपेनं, आपल्या लायकीमुळं नाही; आणि ती कृपा माणसाला चांगल्या कामांसाठी उभं करते. म्हणून वसईची कॅथलिक बाई आणि अहमदनगरकडची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडची, प्रोटेस्टंट बाई यांच्या प्रार्थनेची पद्धत वेगळी दिसली, तरी या बाबतीत त्या फार लांब नाहीत.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातली एक बाई. पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. पुण्य मिळावं, पाप धुवून जावं म्हणून त्यांनी उपास केले, दानं दिली, तीर्थांत स्नानं केली. दुष्काळ पडला तेव्हा जवळचं होतं नव्हतं ते संपलं, शेवटी भांडीसुद्धा गेली. आई, वडील आणि मोठी बहीण त्या काळात गेली. भाऊ आणि रमाबाई पायी चालत राहिले.

पुढं त्या कोलकात्याला विद्वान म्हणून गाजल्या, लग्न झालं, मुलगी झाली, आणि थोड्याच काळात वैधव्य आलं. शास्त्रं वाचताना त्यांना एक गोष्ट खुपली, की बाईला बाई म्हणून मोक्षाचा पुरुषासारखा अधिकार तिथं त्यांना दिसेना. आपल्याकडे जनाबाई, चोखोबा, तुकोबा अशा संतांनी भक्तीचं दार सगळ्यांना उघडं केलं होतं, हे खरं. पण रमाबाई ज्या शास्त्री परंपरेत वाढल्या तिथं त्यांना हा अडसर जाणवला. इंग्लंडमध्ये शिकायला गेल्यावर तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी समाजानं टाकलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. या बायकांना कुणी हाकलत नाही, उलट मायेनं उभं करतात, हे बघून त्या हलून गेल्या. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि आजच्या विषयासाठी पुढचाच भाग महत्त्वाचा आहे. धर्म बदलून आठेक वर्षं झाली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं, नाव झालं, काम झालं, तरी मन शांत नव्हतं. स्वतःच्या आठवणीत त्यांनी लिहून ठेवलं आहे, की धर्म हाती आला होता, पण ज्याच्यासाठी धर्म तो ख्रिस्त अजून गवसला नव्हता. आधी पुण्यासाठी धडपड होती, तशीच आता चांगली ख्रिस्ती होण्यासाठी. माप बदललं होतं, मोजणं तसंच चालू होतं. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं, की देवापुढं मांडायला आपल्याजवळ काहीच नाही आणि काही मांडायची गरजही नाही. जशा आहोत तशा आपण स्वीकारल्या गेलो आहोत.

मग काय झालं? त्या हातावर हात ठेवून बसल्या का? उलट खरं मोठं काम त्यानंतरच उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींना ब्रेल लिपीचं शिक्षण, सगळं तिथं होतं. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. समाजानं 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी तिथंच एक वेगळं घर काढलं. त्या घराचं नाव काय ठेवलं माहिती आहे? कृपा सदन. आज आपण जे समजून घेतोय, ते सगळं त्या पाटीवरच्या दोन शब्दांत आहे. दारात आलेल्या बाईला आधी चारित्र्याचा दाखला मागायचा नाही. आधी आत घ्यायचं.

मैत्रिणींनो, शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. या शिकवणीत विश्वास म्हणजे देवाला द्यायचं नवं नाणं नाही. कधीकधी कुठल्याही धर्माच्या नावानं कुणी सांगतं, "तुझं मूल बरं झालं नाही, कारण तुझा विश्वास कमी पडला," किंवा "इतके पैसे दे, मग आशीर्वाद मिळेल." ख्रिस्ती धर्माच्या नावानं कुणी असं म्हणालं, तर समजा की तो त्या धर्माची मूळ शिकवणच उलटी करतोय. कृपा विकत मिळत नाही, आणि आजारपण हा विश्वासाचा निकाल नाही. पोर तापलं तर दवाखान्यात न्यायचं, आणि आईला दोष द्यायचा नाही.

तुम्ही हा धर्म माना किंवा मानू नका. पण घरात आणि गटात आपण माणसाला कसं मापतो, याचा विचार करायला ही शिकवण लावते. म्हणून पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. एक, आपण करतो त्यातलं कुठलं काम मायेतून होतं आणि कुठलं 'मला आपली म्हणतील का' या भीतीतून? आणि दुसरा, आपल्या गावात अशी कोण बाई आहे, जिला आपण आधी दाखला मागतो, आत बोलवत नाही?

तुमच्यात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.